वायरलेसवर घेतलेला निरोप

अगं, वायरलेसवर बोलायची वेळ माझ्यावर एकदाच आली, तीही सुनेला कळा सुटल्या तेव्हा. आमच्या घाटकोपरात पाणी भरलेलं आणि सगळे फोन बंद. पण वरच्या मजल्यावरच्या कामतांकडे वायरलेसचा सेट होता, दुसरा शाळेत सावंतांपाशी. अडीअडचणीला म्हणून दोघांनी ती सोय करून ठेवलेली. आजाऱ्यांना न्यायची जीपही शाळेतच उभी असायची.

कामत लाजाळू. "बाईमाणसाचं तुम्हीच सांगा, काकू," म्हणत त्यांनी माइक माझ्या हातात दिला नि बटण कसं दाबायचं ते दाखवलं.

मी सावंतांना सगळं नीट सांगितलं. जीप पाठवा म्हटलं, आणि रीतीप्रमाणे शेवटी म्हटलं, "बरं, येते हं."

वाट बघून सून रडकुंडीला आली, तरी जीपचा पत्ता नाही. शेजारणीला तिच्यापाशी बसवलं आणि मी पुन्हा वर धावले.

"अहो सावंत, जीप कुठाय?"

"तुम्हीच येते म्हणालात ना, काकू! मला वाटलं, टेम्पो मिळाला. इथं दारात खुर्ची मांडून बसलोय."

"अहो, तो निरोप होता मेला!"

"मग सरळ जाते म्हणायचं!"

"घरात सून कळा देतेय, आणि मी तोंडानं जाते म्हणू?"

सावंतांनी ड्रायव्हरला हाक मारून जीप काढायला सांगितली. मग म्हणाले, "जीप निघाली. ती दारात पोचेपर्यंत आता निरोप घेऊ नका."

कसला घेते! मी त्यांना सुनेचे डोहाळे सांगायला बसले. पहिल्या महिन्यातल्या कैरीपासून सुरुवात केली. हॉर्न वाजला तेव्हा सातव्यात पोचले होते.