सर, येते मी

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष, विद्यापीठाच्या विद्यार्थी कल्याण विभागाचे संचालक माननीय डॉ. रावसाहेब घुले साहेब, व्यासपीठावर विराजमान झालेल्या गिरिभ्रमण क्लबच्या नव्या मार्गदर्शक प्राध्यापिका सुनीती देवस्थळी मॅडम, आजचे सत्कारमूर्ती, आदरणीय प्राध्यापक अभिराम केळुसकर सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनीसाहेब, उपस्थित प्राध्यापक आणि कर्मचारी वर्ग, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून खाली सतरंजीवर बसलेली क्लबची सगळी मुलं-मुली, आपणा सर्वांना माझा नम्र नमस्कार.

माझं नाव हरेश मढवी. मुक्काम बोनकोडे गाव. कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर सुपरवायझर आहे. शिवाय आमच्या गावदेवी उत्सव मंडळाचा गेली सतरा वर्षं चिटणीस आहे. त्यामुळे भाषण ही माझ्यासाठी नवी गोष्ट नाही. दहावीच्या गुणवंतांपासून सत्तरीच्या सासूबाईंपर्यंत मी सगळ्यांचे सत्कार केलेले आहेत. माईक हातात आला की आमचं तोंड आपोआप सुरू होतं, असं आमची मंडळीच सांगते. आज मात्र काय बोलावं ते सुचत नाही.

आता नाव सांगितल्याबरोबर मागच्या बाजूला जी कुजबुज झाली, ती मला ऐकू आली. हो, बरोबर ओळखलंत. तोच मढवी. ज्याने जानेवारीत केळुसकर सरांविरुद्ध तक्रार केली आणि ज्याच्या तक्रारीमुळे तुमचा क्लब तीन महिने बंद आहे, तो मीच.

मग या माणसाला इथे बोलावला कोणी? हा प्रश्न तुमच्याआधी मला पडला. पंधरा दिवसांपूर्वी पत्रिका घरी आली, तिच्यावर छापलेलं, ‘पालकांच्या वतीने मनोगत : श्री. हरेश मढवी’. मला वाटलं, छापणाऱ्याची चूक. मी सुनीती मॅडमना फोन लावला. म्हटलं, मॅडम, तुमच्याकडून काहीतरी गोंधळ झालाय. मॅडम म्हणाल्या, “गोंधळ नाही. तुमचं नाव सरांनीच दिलंय.” मी विचारलं, का? त्या म्हणाल्या, “ते मलाही माहीत नाही.” म्हणजे बोलावणारी चक्रावलेली आणि येणाराही चक्रावलेला. सर, तुम्ही हसताय. पण मला खरंच कळलेलं नाही.

असो. माझी मुलगी मनस्वी. तिसऱ्या वर्षाला आहे, बीएस्सी. ती बघा, खांबाजवळ बसलीय. दोन वर्षांपूर्वी तिने या क्लबात नाव घातलं तेव्हा मी विचारलं, डोंगर चढून मार्क मिळतात का? ती म्हणाली, नाही. मग मी परवानगी का दिली, तर तिच्या आईने दिली म्हणून.

त्याआधी ही मुलगी कशी होती सांगू? पंखा बंद करायला आईला हाक मारायची. भाजी आवडीची नसली की ताट पुढे सरकवायची. घरात काचेचा ग्लास फुटला, तर मांजराने पाडला म्हणून सांगायची. आमच्याकडे मांजर नाही.

क्लबात गेल्यावर हळूहळू एकेक चमत्कार दिसायला लागले. पहाटे कोणी न उठवता उठायची. स्वतःचं ताट धुवायची. आम्हाला वाटलं, वा, पोरगी सुधारली. मग एक दिवस माझ्या ताटाकडे बोट दाखवून म्हणाली, “पप्पा, तुझं ताट कोन उचलनार?” आता सांगा, ही सुधारली की बिघडली? त्या दिवसापासून मी ताट धुतो. लग्नाच्या हॉलमध्ये आम्ही सगळे पुढे निघालो, तर ही मागे राहिलेली. बघतो तर गुडघे दुखणाऱ्या आत्याच्या बरोबरीने एकेक पायरी चढतेय. आत्याला हात लावत नव्हती हां, नुसती बरोबर चालत होती. मी म्हटलं, धर ना तिला. ती म्हणाली, धरायचं नसतं, मागितला तर हात द्यायचा. हे कोणी शिकवलं? मी तर शिकवलेलं नाही. वजनकाट्यावर गाडी रिकामी किती आणि भरलेली किती, ते आकड्यात कळतं. या मुलीत नेमकं काय भरलं जातंय, ते मला दोन वर्षं कळत नव्हतं.

आता जानेवारीचं सांगतो. पनवेलच्या पलीकडचा एक गड. नाव घेत नाही, गडाची काही चूक नाही. सत्तावीस मुलं आणि केळुसकर सर. दुपारी दीडच्या सुमाराला मला काट्यावर फोन आला, तुमची मनस्वी सापडत नाही. काट्यावर भरलेला ट्रेलर उभा होता, तो तसाच सोडला आणि निघालो. रस्ताभर मी काय काय विचार केले ते इथे सांगत नाही. बापाला कशाकशाची भीती वाटते, ते समोर बसलेल्या बापांना ठाऊक आहे.

पायथ्याच्या वाडीत पोचलो आणि बघतो तर काय? पहिल्याच घराच्या ओट्यावर माझी मुलगी बसलेली. शेजारी शकुबाई नावाच्या एक बाई, आणि दोघी मिळून वाल सोलतायत. मला बघून शकुबाई म्हणाल्या, “पोरीच्या बुटाचा तळ निघाला व्हता. माझ्यासंगं उतरली. भाकर खाल्लीय तिनं.” या बाई गडाच्या माचीवर लिंबूसरबत विकतात. वाडीत फोनला रेंज नाही. मुलगी निवांत, आणि वर डोंगरात सत्तावीस माणसं तिला हाका मारत फिरतायत!

निरोप वर पोचला, मग सर उतरून आले. शर्ट फाटलेला, दोन्ही कोपरं खरचटलेली, आवाज पूर्ण बसलेला. दरीच्या बाजूला उतरून झुडपं शोधत होते, असं नंतर कळलं. मी पुढे गेलो आणि सगळ्या मुलांसमोर त्यांची कॉलर धरली. काय बोललो ते या व्यासपीठावर उच्चारण्यासारखं नाही. सर माझ्या खांद्यावरून मनस्वीकडे बघत राहिले, आणि तिथेच मातीत बसून रडले. साठीला आलेला माणूस असा रडताना मी पाहिला, तरी माझा राग गेला नाही.

दुसऱ्या दिवशी तक्रार लिहिली. मंडळाचा चिटणीस आहे, हात भाषेला सरावलेला. त्यात एक वाक्य असं जमलं, की मी ते मंडळाच्या बैठकीत चार जणांना वाचून दाखवलं. तिथे टाळ्या पडल्या. ते वाक्य पुढे सांगतो.

मग चौकशी समिती बसली. समितीत तिघं होते, तिघंही मराठी, हे लक्षात ठेवा. मनस्वी म्हणाली, “मी सरांना सांगून निघाले. ते हो म्हणाले.” सर म्हणाले, “ती मागून येतेय असं मला सांगून थांबली, म्हणून मी पुढे गेलो.” दोघांनीही शपथेवर सांगितलं. समितीने लिहिलं, जबाबांत विसंगती आहे. मला वाटलं, यात विसंगती कसली, सर खोटं बोलतायत. कारण माझी मुलगी आता मांजराचं नाव घेत नाही, एवढं मला माहीत होतं. सरांच्या नावावर हलगर्जीचा शेरा बसला आणि क्लबाला कुलूप लागलं.

आता गेल्या सोमवारची सकाळ. मी पेपर वाचत बसलो होतो. मनस्वी कॉलेजला निघाली. दारातून म्हणाली, “पप्पा, येते मी.” मी पेपरातून डोकं न काढता म्हटलं, “ये. सावकाश ये.” दार लागलं. दोन ओळी वाचल्या असतील, आणि माझ्या हातातून पेपर खाली पडला. मी ये म्हणालो, आणि पोरगी तर गेली!

मी चप्पल न घालता जिना उतरलो. गेटवर तिला गाठली. विचारलं, माचीवर तू सरांना नेमकं काय बोललीस? शब्द सांग, अर्थ नको. ती म्हणाली, “बोलले ना, सर, येते मी.” आणि सर काय म्हणाले? “ये, सावकाश ये.”

मंडळी, आलं का लक्षात? सर पुढच्या कातळाला दोर बांधत होते, पाठ हिच्याकडे. ही निरोप घेत होती. त्यांना वाटलं, बूट बांधून मागून वर येतेय. दोघांनीही खरंच सांगितलं. आणि समितीतल्या तिघा मराठी माणसांच्या, माझ्या, कोणाच्याच ध्यानात आलं नाही, कारण आपण सगळेच रोज येतो म्हणतो आणि जातो.

बरं, हिने सरळ ‘खाली जाते’ का नाही म्हटलं? त्याचं उत्तर मीच आहे. सहावीत असताना ती एकदा “पप्पा, जाते” म्हणून शाळेला निघाली. तीन मजले उतरलेल्या पोरीला मी परत वर बोलावलं. घरातून निघताना जाते म्हणतात का? म्हण, येते! तिला शाळेत उशीर झाला, बाईंनी वर्गाबाहेर उभं केलं. त्यानंतर हिच्या तोंडून तो शब्द कधी निघालेला नाही. आता मला सांगा, यात गुन्हेगार कोण? मनस्वी? सर? मी? की आपली मराठी भाषा? मी गेटवर उभा राहून हाच विचार करत होतो, आणि वॉचमन माझ्या अनवाणी पायांकडे बघत होता.

मी मनस्वीला काय सांगितलं तेही सांगतो, कारण ते लपवलं तर इथे उभं राहण्यात अर्थ नाही. मी म्हटलं, झालं ते झालं, आता तोंड बंद ठेव. सर महिनाअखेरीला रिटायर होतायत. तक्रार मागे घेतली, तर फाइलवर लागेल की विद्यार्थिनी परवानगीशिवाय उतरली. तुझं शेवटचं वर्ष आहे. उगाच आगीतून फुफाट्यात कशाला? ती शांतपणे म्हणाली, “पप्पा, सरांच्या नावावर हाय म्हनून गप बसायचं? आपल्या नावावर असतं तर बसला असतास काय?”

मला राग आला. खरं सांगतो, खूप राग आला. आणि त्याच क्षणी छातीत काहीतरी भरूनही आलं. दोन्ही एकदम कसं होतं, ते जाणकारांनी सांगावं.

मग मी सरांच्या घरी गेलो, सारसोळ्याला. दार सरांनीच उघडलं. मला वाटलं तोंडावर आपटतील. ते म्हणाले, “या, मढवी. चहा घेणार की सरबत?” मी सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हणजे चूक माझीच. मी मान वळवून विचारायला हवं होतं, वर येतेस की खाली?” मी म्हटलं, नाही सर, चूक आमची. ते म्हणाले, मुलांना नेणारा मी, तेव्हा चूक माझी. मी म्हटलं, शब्द माझ्या घरचा, तेव्हा चूक माझी. आमचा आवाज इतका चढला, की वहिनी आतून धावत आल्या. आमच्या बाजारात चूक एकमेकांवर ढकलण्यावरून रोज भांडणं होतात. चूक आपल्याकडे ओढण्यावरून भांडणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. वहिनी, तुम्ही साक्षीला आहात. आणि तेव्हा मला थोडंसं कळलं, की ही मुलं रविवारी डोंगरावर जाऊन काय घेऊन येतात.

अध्यक्ष महोदय, तुम्ही मला आधीच स्पष्ट सांगितलंत, की तक्रार मागे घेतली तर सरांवरचा शेरा निघेल, क्लब उघडेल, पण नोंद मुलीच्या नावावर जाईल. नियम आहे. तक्रार मागे घेत असल्याचं पत्र सकाळपासून माझ्या खिशात आहे. गाडीत बसताना वाटलं द्यावं, नेरूळला उतरताना वाटलं देऊ नये. मघाशी हार घालताना पुन्हा वाटलं, बाप आहेस, आधी स्वतःच्या पोरीचं बघ. आत्ता, या क्षणीही, मी बरोबर करतोय की नाही ते मला कळत नाही. मनस्वी, तुला विचारतो. सगळ्यांसमोर विचारतो. देऊ?

मान हलवतेय. ठीक आहे.

घुले साहेब, हे घ्या. तिचा स्वतःच्या सहीचा जबाबही सोबत जोडलाय. टाळ्या नकोत. कृपा करून टाळ्या नकोत, मुलांनो. आधी ते वाक्य राहिलंय. माझ्या तक्रारीत मी लिहिलं होतं, ‘सदर इसमाच्या हाती कोणत्याही शहाण्या पालकाने आपले मूल सोपवू नये.’ वहिनी, हे वाक्य तुम्हीही वाचलं असेल. हे वाक्य मी चार माणसांत मिरवलं होतं, म्हणून आज चारशे माणसांत मागे घेतो. सर, मनस्वी तुमच्या हाती होती, आणि तुम्ही तिला माझ्याकडे माझ्यापेक्षा चांगली करून परत दिलीत.

मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे, सुनीती मॅडमचे आणि सर्व आयोजकांचे मनापासून आभार. पोरीला आपली मानून जेवू घालणाऱ्या शकुबाई इथे नाहीत, पण त्यांचेही आभार.

गेली सतरा वर्षं प्रत्येक भाषणाच्या शेवटी मी म्हणत आलो, की बोलण्याच्या ओघात काही चुकलं असल्यास क्षमा असावी. म्हणायचो, आणि खाली जाऊन बसायचो. काही चुकलं होतं असं मला एकदाही वाटलं नव्हतं. आज त्यातला ‘असल्यास’ मी काढून टाकतो.

सर, माझं चुकलं. क्षमा करा.