माऊसवरचा हात

शेलूबाजारच्या सुरेशकाकाचं तुमाले सांगायचं राह्यलंच. काकू कॅन्सरनं गेली, त्यानंतर मी काकाच्या बियाण्याच्या दुकानातल्या कम्प्युटरवर एक प्रोग्राम टाकून देल्ला. कम्प्युटर रिकामा असला का हा प्रोग्राम त्याच्यावर कॅन्सरच्या संशोधनाची आकडेमोड करून पाठवते. जगभरातले लोक आपले कम्प्युटर असे फुकट वापरू देतात.

दुसऱ्याच दिवशी काकाचा फोन. "काहून रे, हे तं कालपासून 'काम थांबलं'च दाखवून राह्यलं."

मी जाऊन इंटरनेट पाह्यलं, प्रोग्राम पुन्हा टाकला, तरी तेच. मंग काकाजवळ बसलो. पाहतो तं काका जरा जरा वेळानं माऊस हालवून राह्यले.

"हे कायले करता काका?"

"स्क्रीन काळी पडते ना. मले वाटते बंद पडलं. म्हणून जवळून हालतच नाही."

"काका, तुमी हात लावला का त्याले वाटते तुमाले कम्प्युटर पाहिजे, म्हणून ते आपलं काम थांबवते. तुमी बाहेर बसा, तवाच ते चालंल."

काकानं माऊस सोडला अन् खुर्ची उचलली. दारात थांबून म्हणाले, "दवाखान्यातबी मले हेच सांगत, बाहेर बसा. तिथं बसून काही झालं नाही. इथं तरी होऊ दे."