झाकण टेकवायचं, आवळायचं नाही!

...आणि वर मलाच म्हणतात, "अंकल जी, आपने तो सबको नहला दिया!" आता तुम्हीच सांगा, केंद्र सरकारात छत्तीस वर्षं फायली बांधल्या, एक फाइल कधी सुटली नाही या सूर्यकांतच्या हातून, आणि रिटायर झाल्यावर बदनाम कशानं झालो? तर पाण्याच्या बाटल्यांनी! चाळीस बाटल्या!

थांबा, पहिल्यापासून सांगतो. आमची केतकी, मुलगी माझी, नोएडात नोकरीला. एक दिवस येऊन म्हणते, "बाबा, आईच्या नावानं सायकल राइड करायची. दिल्ली ते पानिपत. संधिवाताच्या रिसर्चला पैसे जमवायचेत, नाही बिल्कुल म्हणायचं नाही!" अहो, नाही कसं म्हणणार? उल्का, म्हणजे आमची मंडळी, तिला जाऊन चौदा महिने झालेले, आणि त्याआधी बावीस वर्षं त्या संधिवातानं तिची बोटं अशी काही... जाऊ द्या. पण सायकल? शेवटची चालवली ती नगरला कॉलेजात असताना! आणि जायचं कुठं? पानिपतला! मराठी माणसानं, आपण होऊन!

हाच तर माझा विनोद हो. उल्काला पानिपतची हातमागाची चादर हवी होती, हलकी. रजईचं ओझं तिच्या सांध्यांना सोसायचं नाही. "अहो, दिल्लीहून दोन तासांचा तर रस्ता आहे, जाऊन येऊ." आणि मी दर वेळी, "मराठी माणूस पानिपतला गेला की परत येत नाही, बाई!" पाहुणे हसायचे, तीही हसायची. असं हसता हसता तिचं गाडीत बसणंच बंद झालं. चादर राहिली ती राहिलीच. माझं मेलं तोंड! म्हणून म्हटलं केतकीला, येतो. किती आहे? नव्वद किलोमीटर? येतो!

तर फेब्रुवारीतली पहाट, दिल्लीत कोपर्निकस मार्गावर आम्ही चाळीस सायकलवाले कुडकुडतोय, आणि आमची कॅप्टन चेतना, गोड पोरगी, पण आवाज हवालदाराचा! मला म्हणते, "अंकल, आप सीनियर हो, पानी आप देख लो." देख लिया! चाळीस बाटल्या भरल्या, चाळीस झाकणं लावली, एकेक सायकलला खोचली. निघालो. दिल्लीच्या वेशीवरच्या सिंघू बॉर्डरपर्यंतही गेलो नसू, तोच पहिली किंचाळी! मग दुसरी! खड्डा आला की झाकण उडतंय आणि गारेगार पाणी थेट पोटरीवर... चाळीस माणसं ओली!

मला कळेचना. मी तर नेहमीसारखीच झाकणं लावली होती. नेहमीसारखी! तिथंच तर घोळ झाला ना! अहो, आमच्या घरात बावीस वर्षं एकच कायदा, झाकण टेकवायचं, आवळायचं नाही! उल्काला बरणी उघडायची नाही, आणि कुणाला हाक मारेल तर शपथ, अशी मानी बाई. एकदा ऑफिसातून आलो तर लोणच्याची बरणी मांडीत धरून बसलेली, डोळ्यांत पाणी. म्हणते कशी, "काही नाही हो, मिरची लागली." बरणी बंद, आणि मिरची लागली! त्या दिवसापासून घरातलं एकही झाकण मी आवळलं नाही. साखरेला मुंग्या, पापड सादळलेले, पाहुण्यांनी झाकणाला धरून बरणी उचलली की धाडकन! आणि आतून हिचा आवाज, "अहो, सांगा की त्यांना! झाकण टेकवायचं, आवळायचं नाही!"

वाटेत मुरथलच्या ढाब्यावर पराठे खाताना चेतनानं कोर्टच भरवलं. "बोतलें किसने बंद की थीं?" मी ताटात मान घातली. केतकी उठली बापाची बाजू घ्यायला, "यार, ऐसे मत बोलो पापा को, मैंने तो अपनी अभी यहीं खुद भरी है, ये देखो..." आणि उचलली की स्वतःची बाटली झाकणाला धरून! धाडकन! दह्याच्या वाटीत! ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे. "बाबा... तुम्हीपण अजून?" असे हसलो दोघं, असे हसलो, की रडू कधी आलं कळलंच नाही.

मग तिनं सगळ्यांना आईचं सांगितलं. चेतना डोळे पुसत म्हणाली, "ठीक है अंकल, पर अब आप पीछेवाली सामान की गाड़ी में बैठोगे. घुटने देखो अपने!" मी म्हटलं, बेटा, गाड़ी से तो तीस साल में कभी भी जा सकते थे. नहीं गए. अब साइकिल से ही जाएँगे!

गेलो! पानिपतच्या अलीकडे समालख्यापासून निम्मा वेळ सायकलच माझ्या आधारानं चालत होती, पण पोचलो. सगळ्यांत शेवटी. आधी दुकान गाठलं. दुकानदार विचारतो, "सिंगल या डबल?" काय सांगणार? म्हटलं, डबल. और हल्की देना, मॅडम को भारी नहीं चलती.

घरी आलो, चादर अंथरली. केतकी दारात उभी, हळूच म्हणते, "बाबा, आता झाकणं आवळायला हरकत नाही ना? मुंग्या तरी थांबतील." बरोबर आहे तिचं. कुणासाठी सैल ठेवायची आता? साखर, चहा, लोणचं, सगळं आवळलं. गच्च!

सकाळी चहा ठेवला, साखरेचा डबा घेतला, आणि... उघडेना! नव्वद किलोमीटर हँडल धरून बोटं सुजलेली, मूठच वळेना. फडक्यानं धरून पाहिला, मांडीत धरून पाहिला. तसाच बसलो डबा घेऊन. बावीस वर्षं, रोज सकाळी, हिची बोटं अशीच... केतकी आली. "बाबा, डोळ्यांत पाणी?"

म्हटलं, काही नाही गं, मिरची लागली.

साखरेच्या डब्यातून! तिनं डबा उघडला, चहात साखर घातली, आणि झाकण नुसतं टेकवलं. तेव्हा आमच्याकडे कधी आलात, तर तुम्हाला सांगतो, बरणी बुडाला धरून उचला. आणि चहात एखादी मुंगी आली तर काढून टाका. चालायचंच!