बंडीच्या खिशातली रेवडी

...न्हाई, तुमी हसा, खुशाल हसा! पण मला आदी सांगा, भर उन्हाळ्यात घरातला एकुलता एक कूलर कुणाच्या तोंडाम्होरं पायजे? घरच्या धन्याच्या का उंदराच्या? उंदराच्या हो! दोन दोन! दोघी पिंजऱ्यात वल्ल्या फडक्यावर तंगड्या ताणून पडल्यात, आन मी, महारुद्र, गंगाखेडचा कर्ता माणूस, दारात बसून पुठ्ठ्यानं वारा घ्यायलोय! आन धंदा काय माझा? उंदीर मारायची दवा इकायचा!

तुमाला सांगतो, सोनपेठचा बाजार माझ्या भोंग्याबिगर भरत न्हाई. "घरातला उंदीर, शेतातला उंदीर, माळवदावरचा उंदीर... एका पुडीत खल्लास! ना राहील उंदीर, ना राहील उंदराची औलाद!" माझाच आवाज हाय त्यो, भरून ठिवलेला. ह्याच आवाजावर पोरगी शिकली, दीपिका, पार पुण्याला धाडली. लोकाच्या पोरी पुण्याहून बाकरवडी आणत्यात, आमची पिंजरा घिऊन आली! म्हन्ली, "पप्पा, ही रेवडी आन ही जिलबी. बहिणी हायत. मला नोकरी लागली, तिथं ठिवू देत न्हाईत. तुमीच सांभाळा." मी म्हन्लं, "एक ठिवतो, एक वापस ने." तर म्हन्ती, "एकटी राहिली की झुरून मरते." झुरून! उंदीर झुरतंय? मी इतके मारले, एक बी झुरलेला पाह्यला न्हाई... तेवढा टाईमच दिला न्हाई म्हना.

आन कायदे किती! पिंजरा रोज पुसा. दात वाढत्यात, कुरतडायला लाकूड द्या. दिलं, तर ते सोडून माझी चप्पल खाल्ली! बरं, मी बाजारातून आलो की आमची सुलाबाई उंबऱ्यावरच आडवी. "आवो, आदी आंघोळ! दवाचे हात घिऊन लेकराला शिवू नका!" लेकराला! मयतीहून आल्यावानी मी अंगणात दोन बादल्या वतून घेतो... बरं, येतच असतो की मी मयतीहून, एक न्हाई, पन्नास उंदराच्या! धंदा काय माझा?

त्यात रेवडीला झाली सर्दी. "च्चिक... च्चिक..." दिसभर शिंकायली. बायको घ्यायला गेली की चावती, आन माझ्या मात्र बाहीत शिरून दंडापाशी निजती. खोटं कशाला बोलू, बरं वाटायलं मला! त्या दिवशी बाजार, लाईट सकाळपून गेलेली, कूलर बंद. जिलबीला बायकोनं माठापाशी ठिवलं, पण रेवडी धापा टाकायली. वरून दीपिकाचा फोन, "पप्पा, रेवडीला सोडून जाऊ नका हां!" मंग काय करता? वल्ल्या फडक्यात गुंडाळली, बंडीच्या आतल्या खिशात घातली आन बसलो यष्टीत! कंडक्टर इचारतोय, "एकच तिकीट?" मी म्हन्लं, "मंग? दोघं दिसायलेत का?" खिशात उंदीर, पिशवीत दवा... आन धंदा काय माझा? उंदीर मारायची दवा इकायचा!

बाजारात पुड्या मांडल्या. दवा हिच्या अंगाला लागू नये म्हनून हातात मोजे घातले, लगनातल्या बँडवाल्यावानी! भोंगा लावला, माणसं जमली, "एका पुडीत खल्लास!" आन तुमाला सांगतो, त्या 'खल्लास'ला रेवडीनं खिशातून मुंडकं भायेर काढलं! तिला काय ठावं? माझा आवाज आला की शेंगदाणा भेटतंय, एवढंच तिला ठावं. पुढचे दोन पाय जोडून मागायली की हो भर बाजारात!

बाजार खदाखदा हसला. त्यात रामकिशन, माझं पक्कं गिऱ्हाईक, घरातली सोयाबीनची पोती उंदरानं फोडलेली. त्यानं पुडी उघडली आन धरली म्होरं. "दवा खरी हाय ना? मंग चारा हिला. आमच्या डोळ्याम्होरं!" झालं, समदी गर्दी वरडायली, "चारा! चारा!" चारावं तर रेवडी जातीय, न चारावं तर दवा खोटी ठरतीय, दुकान बसलंच! आन ही येडी, नाक फुरफुरवत त्या पुडीकडंच जायलीय... हाणलीच पुडी मी! माझी पुडी, माझ्याच हातानं मातीत! म्हन्लं, "न्हाई चारत! ही घरातली हाय!"

माझ्या शेजारी म्हातारी कासाबाई मिरच्या इकती, ती फटकन बोलली, "मंग आमचे काय भाड्यानं राहत्यात व्हय रं? आमचे बी घरातलेच हायत की!"

पुड्या तशाच वापस आणल्या. तवापून दवा बंद, 'दवा इकायचा' म्हनायची सवय तेवढी ऱ्हायली. आता पिंजरे इकतो, जिता उंदीर धरायचे. पोरगी खूश, बायको खूश, गिऱ्हाईक तर लय खूश... रिकामा पिंजरा घिऊन जात्यात आन पुढच्या बाजारी भरलेला माझ्याच म्होरं आणून ठिवत्यात! परवा कासाबाईनं मांजराएवढी घूस आणली. म्हन्ली, "घे मारुद्रा, घरातली हाय. कूलरम्होरं ठिव."

...ठिवली हो! काय करता? शिंकायली होती ती.