तारेवरचा निळा पक्षी

जिंतूरच्या एस्टीत माझ्या पुढच्या बाकावर एक नवरा-बायको बसले होते. त्याच्या अंगात कोरा टेरीकॉटचा सदरा. पोरासाठी पोरगी बघायला निघाले होते.

"अगं ए, चास! तिकडं तारेवर, चास! लय चांगला शकुन झाला, आता आपल्या चंद्रभानाचं जमलंच म्हण."

"चास न्हाई, खंड्या हाय तो."

"निळा दिसला की चांगला!"

"खंड्या बी निळाच आसतो. चोच बघितली का? लालभडक व्हती."

"एवढ्या फुफाट्यात चोच कोण बघायलंय?"

"मी बघितली. गळ्याखाली पांढरं बी व्हतं. आन् चास बसल्यावर मातकट दिसतो, उडाला की निळा. ह्यो बसल्या जागी निळा व्हता."

"बरं, खंड्या तर खंड्या. पाव्हण्यांना सांगू, वाटंत चास दिसला म्हणून."

"खोटा शकुन सांगता व्हय? उद्या पोरगी नांदायला आली आन् तिला कळलं, मंग?"

"कुणाला कळतंय? शकुन एवढा बारीक बघायचा नस्तो. मी तुला बघायला आलतो, तवा तुला बी दिसलाच व्हता ना चास?"

"व्हय. सकाळीच, इहिरीच्या काठावर. समद्या बाया म्हणल्या, आता नवरा लय गुणाचा भेटतो."

"मंग! खोटं झालं का?"

देवगाव फाट्यावर गाडी थांबली, माणसं चढली, गाडी पुन्हा निघाली. तोवर ती नवऱ्याकडंच बघत होती.

"आता ध्यानात यायलंय. त्याची बी चोच लालच व्हती."