मागचा काप

—ही चेनची करवत हलकी आहे म्हणून घेऊ नका, एवढंच सांगतोय मी. धरा हातात. अशी नाही, डाव्या हाताचा अंगठा मुठीखालून घ्या, चारी बोटांच्या उलट्या बाजूनं — हां, अशी. नाहीतर मशीन उसळली की आधी मूठ सुटते, आणि मग चेन कुठे जाईल ते चेनलाच ठाऊक. पेट्रोलची हवी की बॅटरीची, ते नंतर. आधी सांगा, कापायचंय काय? घरामागची तीन झाडं. बुंधा केवढा? कवेत मावतो म्हणता — तुमच्या कवेत की बायकोच्या? हसू नका, फरक पडतो. कवेत मावणारं झाड चौदा इंची बारनं, म्हणजे चेन फिरते त्या पट्टीनं, निघतं, पण घाई न करता. आणि सोबत कोण? ते बाहेर गाडीत बसलेत ते? भाऊ का? थोरला? — बरं.

पेट्रोलच्या मशीनचं कसं आहे, ती सासूसारखी. सकाळी दोरी ओढओढून खांदा उतरतो, पेट्रोलमध्ये ऑइल मोजून मिसळा, कमी पडलं तर इंजिन जाम, जास्त झालं तर धूर, महिनाभर पडून राहिली की रुसलीच. पण दिवसभर राबते. बॅटरीचीला नखरा नाही. बटण दाबलं, ट्रिगर ओढला, चालू. फांद्या छाटायला, वर्षातून चार झाडं पाडायला पुरते, दोन बॅटऱ्या मात्र घ्या. चेनला ऑइल तिलाही लागतंच — लोकांना वाटतं बॅटरीची म्हणजे ऑइल नको, आणि मग जळका बार घेऊन माझ्याकडे येतात. तिचा धोका एकच. गप्प असते. पेट्रोलची उभी असली तरी गुरगुरते, माणूस लांब राहतो. ही मांडीवर ठेवलेल्या मांजरासारखी, आणि चुकून बोट लागलं की पुढच्या क्षणाला चेन पूर्ण वेगात. म्हणून झाडापासून झाडापर्यंत जाताना ब्रेक लावायचा, हा पुढचा दांडा ढकलायचा, टक्. रोज दहादा केलंत तरी चालेल.

हे हेल्मेट, हे कानावरचे मफ. पेट्रोलचीला मफ लागतातच. त्याचं दुखणं असं की मग माणसाचा आवाज ऐकू येत नाही. आमच्या दादाचं तेच झालं. माझा थोरला भाऊ. या भिंतीमागच्या खोलीत असतो. कंबरेखाली काही हलत नाही, अकरा वर्षं झाली. झाड पाडत होतो दोघं, माझ्या हातात पेट्रोलची, कानावर मफ, तो ओरडला, मला ऐकू आलं नाही. कसं येणार? चौकशीला माणसं आली तेव्हा त्यांनाही पटलं. वहिनीला पटलं. असो. तुम्ही भावाला आधी खुणा शिकवा — हात वर म्हणजे बंद. तोंडानं सांगण्यावर राहू नका.

कसं झालं? सांगतो ना, झाड पाडणाऱ्यानं ऐकावंच. बंद पडलेल्या एका कारखान्याचं आवार, कडेला निलगिरी, उंच, आतून वाळलेली. ज्या बाजूला पाडायचं तिकडून आधी खाच घ्यायची, कलिंगडाची फोड काढतात तशी. मग मागून काप. पण आरपार नाही, मध्ये तीन बोटं लाकूड ठेवायचं, दाराची बिजागरी असते ना, तसं — त्या बिजागरीवर झाड वळतं आणि सांगितलं तिकडे पडतं. दादानं वर दोर बांधला होता, तो लांबून ताण देणार, मी कापणार. वीस वर्षं असंच. तो सांगणार, मी करणार. तो फार सांगायचा. थांब, खाच वाकडी झाली. थांब, पाय तिथे नको. थांब, आधी पाणी पी. चाळिशी उलटलेल्या माणसाला, कामगारांसमोर, भाड्याच्या ट्रकवाल्यासमोर. वाईट नव्हता हो. वडील गेल्यावर त्यानंच मला वाढवलं, स्वतःची शाळा सोडली माझ्यासाठी. पण रोज थांब, थांब — कुत्र्याला सांगतात तसं. त्या सकाळी मी मोजलं, चौदा वेळा. पंधराव्याला बघतो, म्हटलं मनात. त्यात मी नवी मशीन आणलेली, त्याला न विचारता, तर तिला हात न लावता म्हणाला, खेळणं आणलंस. म्हणून मी मुद्दाम तीच घेतली. मागचा काप सुरू केला, छान चालली होती, भुसा असा पांढराशुभ्र, आवाज नाही, धूर नाही, पाखरंसुद्धा ऐकू येत होती—

काय?

हो. म्हणालो मी, पेट्रोलची होती म्हणून. सगळ्यांना तेच सांगतो.

बसा. तो स्टूल ओढा. आता उठून गेलात तर अर्धंच घेऊन जाल, आणि अर्धं वाईट असतं. पेट्रोलची तिथेच बुंध्याशी पडली होती, थंड. माझ्या हातात ही बॅटरीची होती — हीच नाही, हिच्यासारखी. मफ गाडीत. दोर पलीकडे शेडच्या पत्र्यात अडकला. तो सोडवायला दादा ताण सोडून पुढे गेला, झाड पडणार होतं त्याच बाजूला. तिथून म्हणाला, थांब. मी ऐकलं. मला वाटलं, झालं सुरू, पंधरावं. मी वर बघितलंच नाही. मग पुन्हा म्हणाला. ते वेगळं होतं. पहिलं थांब दादाचं होतं, दुसरं — दुसरं एका घाबरलेल्या माणसाचं. फरक मला कळला. कळला, आणि बोट ट्रिगरवरच राहिलं. किती वेळ? तुम्ही मनात 'एक' म्हणा. तेवढाच. तेवढ्यात बिजागरी संपली.

मारायचं होतं का? नाही. देवाशपथ नाही. मला फक्त एकदा थांबायचं नव्हतं.

आणि पुढचं ऐका, ते जास्त अवघड आहे. तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आला. चौकशीची माणसं पलंगाशी, वहिनी उशाशी, मी दाराजवळ. माझं तोंड उघडणार तेवढ्यात तोच म्हणाला, "पेट्रोलची मशीन होती. त्याला ऐकू गेलं नसणार." माझ्याकडे बघत म्हणाला. पापणी हलली नाही. त्यांनी लिहून घेतलं. मी मान डोलावली. बस, तेव्हापासून ते तसंच.

मी लग्न केलं नाही. झाडं सोडली, हे दुकान घातलं, त्याला सकाळी उचलतो, आंघोळ घालतो, कूस बदलतो. वहिनी म्हणते, असा दीर सात जन्मांत मिळायचा नाही. तो ऐकतो आणि काही बोलत नाही. बाकी सगळं बोलतो — हवा, बातम्या, मशीनला कुठली चेन चांगली. पण अकरा वर्षांत त्यानं मला एकदाही थांब म्हटलेलं नाही. अंगावर पाणी कढत पडलं तरी नाही. रोज सकाळी मी त्याची दाढी करतो, वस्तऱ्यानं, त्याला तोच लागतो. मान मागे टाकतो, गळा पुढे करतो, आणि डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत राहतो. एकदा कापलं. इथे, कानाखाली. रक्त पार छातीपर्यंत आलं. गप्प. मीच ओरडलो त्याच्यावर, बोल ना, थांब म्हण ना. तर हसला, आणि म्हणाला, "चालू दे."

तुम्हीच सांगा, याला माफी म्हणायचं की काय म्हणायचं? मला कळत नाही. कधी वाटतं वाट बघतोय. कसली, ते विचारायची छाती नाही. वहिनी गेल्या महिन्यात माहेरी गेली, तिची आई आजारी आहे. आता घरात आम्ही दोघंच.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगितलं कोण जाणे. तुमच्या भावानं मघापासून गाडीतून तीनदा हॉर्न दिला आणि तुम्ही मान वळवली नाहीत, त्यामुळे असेल.

एक मिनिट.

तुम्ही आलात तेव्हा आत रेडिओ चालू होता ना? नीट आठवा. बातम्या चालल्या होत्या, मला वाटतं. दुपारभर लावतो तो. हाताशीच असतो त्याच्या. बंद कधी झाला?

भिंत कसली, प्लायवूड आहे ते.

ठेवा ती मशीन. राहू द्या, आज काही द्यायचं नाही. जा तुम्ही, दार ओढून घ्या जाताना. जा म्हटलं ना.

दादा?