मामाजींचा पाट

ओव्हनचं नाव काढलं न् मले माहे सासरे, मामाजीच आठवले, बाई. आलापल्लीले नवी सून म्हणून आली, तेव्हा माहेरून गोल ओव्हन संगं आणला होता. पहिल्याच केकाच्या वेळी झाकण उचलाले गेली, तर असा करंट बसला का मी किंचाळलीच! जमीन नुकतीच सारवलेली, ओली, न् मी अनवाणी.

मामाजींनी दुसऱ्याच दिवशी वायरमन बोलावून अर्थिंग करून घेतली. तरी त्यांचं मन भरेना. ज्याच्यावर घरात दुसरं कोणी बसत नसे, तो आपला जेवायचा सागवानी पाट त्यांनी ओव्हनपुढं मांडला.

"याच्यावर उभी राहत जाय."

"मामाजी, तुमच्या पाटावर पाय कसा ठेवू?"

"पाट दुसरा भेटते वो पोरी. तू कुठी भेटशीन?"